गोवा आणि गाजलेल्या भानगडी : किंमत कुणी मोजली?

मांडवीकाठ

नोव्हेंबर २०२० मधला तो आठवडा बहुतेकांना आठवत असेल. काणकोणच्या चापोली धरणावर मॉडेल पूनम पांडेने केलेल्या, अश्लील म्हणवल्या गेलेल्या चित्रीकरणाचा व्हिडिओ फिरला आणि गोवाभर गदारोळ झाला. त्याच दिवसांत, ४ नोव्हेंबरला, मिलिंद सोमणने आपल्या पंचावन्नाव्या वाढदिवसाला गोव्याच्या किनाऱ्यावर विवस्त्र धावतानाचा फोटो टाकला. पूनमला सिकेरीच्या हॉटेलातून ताब्यात घेतलं, कळंगुटहून काणकोणला नेलं, अटक झाली, मग जामीन. सोमणवरही तक्रार झाली, कोलवा पोलिसांनी गुन्हा नोंदवला, पण अटक नाही. एकीच्या नावापुढे लोकांनी काय काय लिहिलं ते इथे परत लिहवत नाही. दुसऱ्याला 'या वयात काय शरीर राखलंय' म्हणून शाबासकी मिळाली.

तेव्हा आपण सगळे संस्कृती, पर्यटन, गोव्याची बदनामी यावर भांडलो. मीही भांडले. पण गेले काही महिने मी जुने वाद एकेक करून पुन्हा वाचते आहे, आणि 'कोण चूक, कोण बरोबर' यापेक्षा वेगळाच प्रश्न मला छळतो आहे. वाद संपला, मासिकं खपली, वाहिन्यांचे तास भरले. त्यानंतर त्याची किंमत कुणी मोजली? मला वाटतं बहुतेक वेळा बाईने मोजली, आणि आपल्या बाबतीत अनेकदा एखाद्या गावाने मोजली.

म्हणून हा धागा. गोव्यातले, गोव्यात येऊन गाजलेले किंवा गोव्याच्या माणसांचे जुने वाद इथे लिहा. विनंती एवढीच की कोर्टात आलेलं, छापून आलेलं किंवा त्या माणसाने स्वतः सांगितलेलं तेवढंच लिहा. ज्यांचा प्रसिद्धीशी संबंध नाही अशा कुणाचं नाव नको.

चावडीवरून

ताई, धरण आमचं आहे म्हणून पहिला प्रतिसाद माझा.

टीव्हीवर जे दिसलं ते सगळं कपड्यांबद्दल होतं. काणकोणात त्या दिवशी लोक चौकात उभं राहून जे बोलत होते त्यातलं निम्मंसुद्धा कपड्यांबद्दल नव्हतं. चापोली ही जलस्रोत खात्याची जागा. आमच्या पोरांनी तिथे जरा उशिरापर्यंत बसायचं म्हटलं तरी रखवालदार हटकतो, बाईक कुठे लावली विचारतो. त्यात ते कोविडचं वर्ष, गावातल्या लग्नाला माणसं मोजून बोलवत होतो. आणि तिथे अख्खं युनिट कॅमेरे घेऊन आत जातं, पोलिसांनीच संरक्षण दिलं असा आरोप होतो. पुढे काणकोण ठाण्याचे निरीक्षक आणि एक शिपाई निलंबित झाले. बंदची हाक दिली गेली ती या रागातून. 'आम्हाला एक नियम आणि बाहेरून आलेल्याला दुसरा' हे आमचं दुखणं होतं. ते दुखणं कुठल्याही बातमीत नीट आलं नाही, कारण त्याला दाखवण्यासारखा फोटो नव्हता.

तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर: किंमत काणकोणने मोजली. आजही बाहेर कुठे 'चापोली' म्हटलं की समोरचा हसतो. आमच्या नळाला येणारं पाणी आहे हो ते.

बार्देशचा_वकील

कायद्याची बाजू थोडक्यात, कारण इथे नेहमी गोंधळ होतो.

तेव्हा भारतीय दंड संहिता लागू होती. सार्वजनिक जागी अश्लील कृत्य करणं हे कलम २९४. पण नुसतं कृत्य पुरत नाही, त्याने 'इतरांना उपद्रव' व्हावा लागतो. इंटरनेटवर अश्लील मजकूर टाकणं हे माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६७. सोमणवर ही दोन्ही लावली होती. (१ जुलै २०२४पासून न्याय संहिता आली, त्यात जुनं २९४ म्हणजे आता २९६.)

आता अश्लील म्हणजे काय? इथे एक खेळाडूचीच भानगड उपयोगी पडते. टेनिसपटू बोरिस बेकर आणि त्याची होणारी बायको यांचा विवस्त्र फोटो १९९३मध्ये भारतातल्या एका क्रीडा मासिकाने पुन्हा छापला. बेकर गोरा, ती कृष्णवर्णी, आणि फोटो वर्णद्वेषाविरुद्ध होता. काढणारे खुद्द तिचे वडील. कोलकात्यात खटला भरला गेला आणि तो सर्वोच्च न्यायालयात निकाली निघेपर्यंत २०१४ उजाडलं. न्यायालयाने व्हिक्टोरिया राणीच्या काळातली हिक्लिन कसोटी (मजकुराने कुणाचं मन बिघडेल का, एवढंच पाहणारी) बाजूला ठेवली आणि सांगितलं की समाजाची आजची प्रमाणं पाहा, चित्रामागचा संदर्भ पाहा, नुसती नग्नता म्हणजे अश्लीलता होत नाही.

या निकालाच्या उजेडात सोमणचा फोटो बघा आणि पूनमचा व्हिडिओ बघा. फरक करता येईल, मी तो नाकारत नाही. एक स्थिर फोटो, दुसरं धंद्यासाठी केलेलं चित्रीकरण, तेही परवानगीच्या प्रश्नात अडकलेल्या सरकारी जागेवर. पण अटक करायची की नुसता गुन्हा नोंदवायचा, हा फरक त्या कायद्यात लिहिलेला नाही. तो करणाऱ्याच्या मनात असतो.

सत्तरीची_सून

सोमणचं नाव निघालं की मला मधू सप्रेच आठवते. १९९५ची ती बुटांची जाहिरात, दोघं विवस्त्र आणि अंगावर अजगर. मुंबई पोलिसांनी खटला भरला, अजगरासाठी वन्यजीव कायदाही लावला. चौदा वर्षं चालला, २००९ला सगळे सुटले. मधू नागपूरची, १९९२ची मिस इंडिया, मिस युनिव्हर्सला तिसरी आली. तिथल्या शेवटच्या प्रश्नाला तिने 'पंतप्रधान झाले तर क्रीडासंकुल बांधीन' असं उत्तर दिलं म्हणून लोक अजून तिला हसतात. ती मुलगी मुळात खेळाडू होती! मनात होतं ते बोलली. आज एखाद्या खेळाडू मुलीने हेच उत्तर दिलं तर आपण टाळ्या वाजवू.

ममता कुलकर्णीचंही तेच. १९९३ला एका सिनेमासिकाच्या मुखपृष्ठावर अर्धनग्न आली, कोर्टात दंड भरला. मासिकाचा अंक मात्र हातोहात खपला.

हणजूणकार

आमच्या गावाचं नाव या धाग्यात येणार हे शीर्षक वाचूनच कळलं होतं, तर मीच आणतो.

१९७४. प्रोतिमा बेदी. एक नवीन सिनेमासिक निघत होतं, त्याच्या पहिल्या अंकासाठी ती मुंबईत विवस्त्र धावली, असं देशभर गाजलं. जागा जुहूची सांगतात. दुसरी कथाही तेवढीच फिरते, की फोटो मुळात गोव्यातला, हिप्पींच्या संगतीत किनाऱ्यावर असतानाचा. कथा कुठलीही घ्या, हणजूण त्या दशकात असल्या सगळ्या गोष्टींचं ठिकाण ठरून गेलं होतं.

मी तेव्हा शाळेत. हिप्पी आमच्या वाड्यावर भाड्याने राहायचे. माडाच्या सावलीत ते दिवसभर पडलेले, आणि सकाळी रापणकार जाळी ओढायला उतरले की त्यांच्याकडे न बघता दोर ओढायचे. माझी आजी विहिरीवर कळशी ठेवून थांबायची, ते आंघोळ उरकून जाईपर्यंत पाठ फिरवून उभी. चिडायची नाही. एकाला ताप चढला तेव्हा तिनेच पेज नेऊन दिली. नंतर किनाऱ्यावर नग्नतेला बंदी असल्याचे फलक लागले. पण लोकांनी तसाही एक शेजारधर्म पाळला होता, तो कुणी लिहून ठेवला नाही.

आणि मग माझ्या मोठ्या बहिणीला बघायला पाहुणे आले. बोलणी चांगली चालली होती. गाव कुठलं विचारलं, बाबांनी सांगितलं. त्या घरातल्या एका बाईने दुसरीकडे जी नजर टाकली, ती मी दाराआडून पाहिली. नकार दोन दिवसांनी आला. कारण दिलं नाही. बहिणीचं पुढे चांगलं झालं, पण त्या नजरेचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. मासिक मुंबईचं, बाई मुंबईची, हिप्पी जगभरचे, आणि हिशेब माझ्या बहिणीकडे.

प्रोतिमाबद्दल मात्र एक सांगायला हवं. तिला त्या एका फोटोत कोंबून बसवणं हा अन्याय आहे. ती केलुचरण महापात्रांकडे ओडिसी शिकली, तेही ज्या वयात बाकीच्या नाच सोडतात त्या वयात सुरू करून. १९९०ला बंगळूरजवळ नृत्यग्राम उभं केलं. १९९८ला कैलास मानसरोवरच्या वाटेवर मालपाला दरड कोसळली त्यात गेली. नृत्यग्राम आजही चालू आहे. फोटो सगळ्यांना माहीत, गुरुकुल किती जणांना माहीत?

मांडवीकाठ

हणजूणकार, हा प्रतिसाद दोनदा वाचला. तुमच्या बहिणीची गोष्ट वाचून फार वाईट वाटलं. गाव किंमत मोजतं असं मी वर लिहिलं ते ढोबळ होतं, तुम्ही त्याला चेहरा दिलात.

मडगाववाली

मग आता लोर्ना.

आमच्या घरात मराठी नाटकाची पदं आणि कोंकणी गाणी दोन्ही एकाच रेडिओवर ऐकली गेली, त्यामुळे लोर्ना कोर्दैरो माझ्यासाठी परकी कधीच नव्हती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. क्रिस पेरी, आमच्या मडगावच्या बोर्ड्याचा, ट्रम्पेट वाजवणारा आणि अफाट चालींचा संगीतकार. लोर्ना मुंबईत वाढलेली गोंयकार मुलगी, आवाज असा की पहिल्या ओळीला माणूस हातातलं काम टाकतो. साठच्या दशकात ही जोडी जमली. कोंकणी गाण्यात जॅझ, स्विंग, लॅटिन ताल आले ते या दोघांच्या रेकॉर्डमधून. आजही लग्नात बँड उभा राहिला की पहिल्या तासाभरात यांचं एक तरी गाणं वाजतंच.

तो विवाहित होता, मुलंबाळं होती. दोघांच्या नात्याची चर्चा मुंबईच्या क्लबांपासून गोव्याच्या बाल्कांवपर्यंत (घरापुढच्या ओसरीपर्यंत). सत्तरच्या दशकात दोघं तुटली. तिने दुसऱ्या कुणाबरोबर गाऊ नये असं बंधन होतं असं संगीतवर्तुळात सांगितलं जातं. इतकं मात्र सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं: तो वाजवत राहिला, रेकॉर्ड काढत राहिला, आणि ती वीसेक वर्षं गायली नाही. वीस वर्षं! गायिकेच्या आवाजाची जी भर उमेदीची वर्षं, तीच.

१९९५ला ती परत आली, रॉनी मोन्सेरातच्या संगीतावर. मिरामारला कार्यक्रम झाला त्याला मी होते. वाळूवर बसायला जागा नव्हती. माझ्या पुढे एक म्हातारं जोडपं होतं, त्यातला नवरा चपला हातात घेऊन उभा. ती आली, आणि गाण्याच्या आधी कितीतरी वेळ नुसता लोकांचा आवाज. ती गायला लागली तेव्हा आवाज पूर्वीपेक्षा जाड, खालचा झाला होता. मला तो जास्त आवडला. शेजारची एक बाई रडत होती, आणि ती तिची चाहती वगैरे नव्हती, मुलाला घेऊन सहज आली होती. मला तिने विचारलं, 'ही इतके दिवस कुठे होती?'

या प्रश्नाचं उत्तर आपल्या सगळ्यांना माहीत होतं. 'त्या दोघांचं होतं ना' म्हणून आपण चघळत होतो. एका कामकरी बाईचं काम बंद पडलंय, अशा नजरेने कुणी बघितलंच नाही. प्रेमप्रकरण म्हटलं की बाकी सगळं माफ होतं. या दोघांवरून बेतलेला कोंकणी चित्रपट आला, त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, नवी पिढी ती गाणी गुणगुणू लागली. पण त्यावरही बोलणं झालं ते 'त्यांच्यात नक्की काय होतं' याचंच. मला विचाराल तर त्यांच्यात काय होतं ते त्यांचं. तिचा आवाज आपल्या सगळ्यांचा होता, तो गेला.

क्रिस पेरी २००२ला गेला. त्याच्या चालींवर माझं तितकंच प्रेम आहे, हे लिहिल्याशिवाय हा प्रतिसाद पुरा होणार नाही.

अंत्रुजी

मडगाववालीताई, तुमचा मुद्दा मी थोडा पुढे नेतो, मंगेशीपर्यंत.

लताबाई आणि रफीसाहेबांचं साठच्या दशकातलं भांडण. काही वर्षं दोघं एकत्र गायले नाहीत. आमच्या लहानपणी मोठी माणसं हे सांगताना 'दोघांचा अहंकार' म्हणून सांगत. मूळ काय होतं? रॉयल्टी. गाण्याच्या विक्रीतला वाटा गायकालाही मिळाला पाहिजे असं लताबाईंचं म्हणणं, आणि गाण्याचे पैसे घेतले की गायकाचा हक्क संपला असं रफीसाहेबांचं. रफीसाहेब साधे, भिडस्त, म्हणून सहानुभूती त्यांच्याकडे. बाई हिशेब मागते म्हणून ती हट्टी, पैशाची लोभी. त्याआधी फिल्मफेअरच्या सोहळ्यात गाणार नाही म्हणाल्या, कारण पार्श्वगायकाला पुरस्कारच नव्हता. तेव्हाही हट्टीच. पुढे १९५९ला तो पुरस्कार सुरू झाला, पहिला त्यांनाच मिळाला. आणि २०१२ला कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती होऊन गायकांच्या रॉयल्टीचा हक्क मान्य झाला. पन्नास वर्षांनी संसदेने तेच म्हटलं जे त्या बोलत होत्या.

गोव्यात तरी आपल्याला हे लवकर कळायला हवं होतं. गायिका केसरबाई केरीच्या, मोगूबाई कुर्डीच्या. या कलावंत घराण्यांतल्या बायकांचं गाणं देवळात हवं होतं, मैफलीत हवं होतं, आणि मैफल उठली की त्यांच्या जन्मावर कुजबुज. केसरबाईंची भैरवी १९७७ला व्हॉयेजर यानातून अंतराळात गेली. त्या गावी हयात असताना त्यांच्या मागे काय बोललं जायचं ते मी आजोबांच्या पिढीकडून ऐकलंय, आणि इथे लिहिणार नाही.

पर्वरीचा_शेजारी

धागा बायकांच्या किमतीवर चाललाय. मी थोडं वेगळं मांडतो, अवांतर वाटलं तर सांगा.

ओ कोकेरो. ६ एप्रिल १९८६, चार्ल्स शोभराज आमच्या पर्वरीच्या या हॉटेलात पकडला गेला. महिनाही झाला नव्हता तो तिहारमधून पळून. पकडणारे मुंबई पोलिसांचे मधुकर झेंडे, ज्यांनी त्याला १९७१लाही पकडला होता. इन्स्पेक्टर झेंडेंवर अलीकडे चित्रपटही आला, आणि त्याचं मला खरंच समाधान आहे, कारण तोवर सगळं वलय गुन्हेगाराला होतं. हॉटेलात शोभराजचा पुतळा बसवलेला, पर्यटक शेजारी बसून फोटो काढायचे. पाहुणे आले की मलाही 'तिथे ने' म्हणायचे.

सत्तरच्या दशकात हिप्पींच्या वाटेवर फिरणाऱ्या तरुण पोरापोरींना गुंगीचं औषध देऊन लुटायचं, मारायचं, हा त्याचा धंदा. ज्या पोरांना हणजूणच्या आजीने पेज दिली, तसलीच पोरं. नेपाळमध्ये त्याला एका अमेरिकन तरुणीच्या खुनासाठी जन्मठेप झाली, डिसेंबर २०२२ला सुटला. त्याच्यावर पुस्तकं, मालिका, मुलाखती. त्या मुलीचा पुतळा कुठे आहे?

बार्देशचा_वकील

अवांतर अजिबात नाही.

चावडीवरून

मला एक हरकत घ्यायचीय. मांडवीकाठताई, तुमचा सूर असा लागलाय की पूनम पांडेला सगळं माफ. २ फेब्रुवारी २०२४ला तिच्या खात्यावरून ती गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने गेल्याचं जाहीर झालं आणि दुसऱ्या दिवशी ती जिवंत. म्हणे जागृतीसाठी! माझी मामी याच आजाराने गेली. बांबोळीच्या इस्पितळाच्या फेऱ्या मी स्वतः केल्यात. त्या दिवशी मामेबहिणीने बातमी वाचली आणि जेवलीच नाही. तिला मी काय सांगू? आणि सोमणनेही चौदा वर्षं खटला भोगला, तेही विसरू नका.

मांडवीकाठ

दादा, मामेबहिणीला माझ्याकडून सांगा की तिचा राग पूर्ण रास्त आहे. त्या प्रकाराला माझ्याकडे माफी नाही. आदल्याच दिवशी अर्थसंकल्पात नऊ ते चौदा वर्षांच्या मुलींना या आजाराची लस देण्याचा उल्लेख झाला होता. बोलायला खरा विषय समोर होता, आणि तो मरणाच्या खोट्या बातमीखाली गाडला गेला.

पण २०२४चा राग २०२०च्या अटकेवर मागे नेऊन लावता येत नाही. तेव्हा चापोलीच्या परवानगीचा प्रश्न खरा होता, तुम्हीच तो नीट मांडलात. त्याची चौकशी खात्याची आणि पोलिसांची व्हायला हवी होती, ती दोघांच्या निलंबनावर थांबली आणि कॅमेरे पूनमवर राहिले. सोमणची चौदा वर्षं मला मान्य आहेत. त्याच खटल्यात तेवढीच वर्षं मधू सप्रेचंही नाव होतं. तो खटला संपल्यावर सोमण धावपटू म्हणून घराघरात पोचला, आणि मधूचं नाव निघालं की लोक अजून अजगर आणि क्रीडासंकुल एवढंच काढतात. याच धाग्यावर बघा, तिची ओळख करून देताना आपल्यालाही तेच दोन धागे सापडले.

मडगाववालीताई, तुमच्याकडे एक मागणं आहे. लोर्नाच्या गाण्यांत ट्रम्पेट आणि आवाज एकमेकांशी कसे बोलतात, ते एकेक गाणं घेऊन लिहाल का? वेगळा धागा काढा. त्यात त्या दोघांच्या नात्याबद्दल एक ओळही नको.

मडगाववाली

लिहिते. रविवारी सुरुवात करते. रेकॉर्ड खोक्यातून काढून पुसायला हव्यात, दोन-तीन तरी चिरा पडून गेल्यात. कुणाकडे चांगल्या असतील तर सांगा, मी मडगाव बाजारात भेटून घेऊन जाईन आणि परत आणून देईन.